सूड, साडेबारापर्यंत

"घोडा मिळेल, पण साडेबारापर्यंतच," मंजूषाने फोन ठेवत सांगितलं. "साडेबाराला त्याची जेवणाची सुट्टी असते."

"घोड्याची?"

"हो. आणि दोन घ्यावे लागतील. एकटा जात नाही म्हणे."

या शेवटच्या वाक्याकडे श्रीकांतने लक्ष द्यायला हवं होतं. त्याने दिलं नाही.

श्रीकांत नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत मोजमापाचा इंजिनिअर होता. केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूकही त्याच्या नजरेतून सुटत नसे. माणसांच्या बाबतीतही त्याचं तसंच होतं. दोन वर्षांपूर्वी मराठी मंडळाच्या दिवाळीत त्याने लिहिलेलं नाटक झालं होतं. नंतर फराळाच्या रांगेत त्याचा मित्र सारंग सगळ्यांसमोर म्हणाला होता, "छान होतं रे. जाग आली तेवढं पाहिलं." चाळीस माणसं हसली. श्रीकांतने ती मोजली होती. त्यांत त्याची बायको मंजूषाही होती.

यंदा मंडळाने लघुपट स्पर्धा ठेवली आणि श्रीकांतने काउबॉयचा वेस्टर्न लिहिला. भावाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला घोडेस्वार वाळवंटात खुन्याला गाठतो, खुनी गुडघे टेकून माफी मागतो, अशी गोष्ट होती. घोडेस्वार श्रीकांत, खुनी सारंग. माफीचं भाषण पाऊण पान होतं आणि "तुझी किंमत मला कळली नाही" हे वाक्य त्यात तीनदा होतं.

"त्याला संशय येईल हं," कॅमेरा सांभाळणारी मंजूषा म्हणाली.

"यावा म्हणूनच लिहिलंय."

सारंगला संशय आला नाही. "घोडा आहे? मग मी येतोच!" एवढंच तो म्हणाला.

रविवारी अकरा वाजता शहराबाहेरच्या वाळूच्या टेकड्यांवर शूटिंग सुरू झालं. इथे खेळण्यातलं पिस्तूल उघड्यावर काढलं तरी पोलीस येतात, म्हणून हत्यार म्हणून दोरी होती. तबेल्याची मालकीण इनेका हेल्मेटशिवाय कोणाला घोड्यावर बसू देईना, म्हणून काउबॉयच्या टोप्या हेल्मेटवर चिकटवल्या. त्यात तास गेला.

मग पाठलाग सुरू झाला. सारंगचा घोडा चालला की श्रीकांतचा चाले, तो थांबला की हा थांबे. दोघांमधलं अंतर दीड मीटर.

"अरे, पळ ना!" श्रीकांत ओरडला.

"मी पळालो तर तू पण पळतोस. गाठणार कधी मला?"

"मग थांब!"

सारंग थांबला. श्रीकांतही थांबला. दीड मीटर.

इनेकाने समजावलं की हे घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेचे घोडे आहेत. बारा वर्षं ते एकामागे एक चालत आलेत आणि एवढं अंतर ठेवायला त्यांना शिकवलेलं आहे. अंतराची अचूकता पाहता श्रीकांतला तक्रार करता येईना.

"पाठलाग राहू दे," तो म्हणाला. "माफी घेऊ."

बारा वाजून चोवीस मिनिटांनी सारंग घोड्यावरून उतरला, वाळूत गुडघ्यांवर बसला आणि त्याने हात जोडले. "मित्रा, तुझी..."

स्वार उतरल्याचं सारंगच्या घोड्याच्या लक्षात आलं. जेवणाची वेळही त्याच्या लक्षात असावी. तो वळला आणि चाऱ्याच्या गाडीकडे निघाला. त्याच्यामागे, दीड मीटरवर, श्रीकांतचा घोडा निघाला.

"तू बोल! बोलत राहा!" श्रीकांत मागे वळून ओरडला.

"अरे, पण तू चाललास कुठे?"

"आधी माफी माग!"

"थांबशील तर मागेन ना!"

टेकडीपलीकडे ते दिसेनासे झाले. मंजूषाने कॅमेरा बंद केला नाही. साडेबाराला दोन्ही घोडे गवत खात होते आणि श्रीकांत अजून वरच होता, कारण खाली उतरायचं कसं हे विचारायचं राहून गेलं होतं.

इनेकाने डायरी पाहिली. पुढची मोकळी वेळ सात आठवड्यांनी होती. लघुपट शुक्रवारी द्यायचा होता.

"घोडा नको. आत्ता इथेच, पायी घेऊ," श्रीकांत सारंगला म्हणाला.

"अरे, संध्याकाळचं फ्लाइट आहे माझं, बॅग भरायचीय. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. शनिवारी परत येतो, थेट तुझ्या शोलाच!"

वाऱ्यामुळे संवाद नीट ऐकू येत नव्हते. मंजूषाने ते काढून टाकले आणि वर बासरी घातली. पायाशी पडलेल्या खुन्याला तसंच सोडून घोडेस्वार क्षितिजाकडे निघून जातो आणि खुनी हात उंचावून त्याला बोलावत राहतो.

"हा शेवट नाहीये," श्रीकांत म्हणाला.

"आहे तेवढंच आहे," मंजूषा म्हणाली.

शनिवारी लघुपट संपल्यावर सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मंडळाच्या अध्यक्षा कुमुदिनीताईंनी डोळे पुसले. "सुडाच्या गोष्टीत सूडच घ्यायचा नाही! मन केवढं मोठं लागतं याला! पहिलं बक्षीस, क्षमेच्या या संदेशासाठी." त्यांनी ट्रॉफी दिली आणि माइक पुढे केला. "घोडा वळवण्याची कल्पना कशी सुचली?"

"घोड्यालाच सुचली," श्रीकांतने खरं ते सांगितलं. त्याच्या विनयाबद्दल पुन्हा टाळ्या झाल्या.

तेव्हा त्याने पहिल्या रांगेत पाहिलं. विमानतळावरची चिठ्ठी अजून लावलेली बॅग पायांशी होती. खुर्चीत सारंग मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपला होता.

टाळ्यांनी त्याला जाग आली. इकडेतिकडे पाहून तो उभा राहिला आणि सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवू लागला.

"छान होतं रे!" तो ओरडला.

श्रीकांतने मोजलं. ऐंशी माणसं त्याच्याकडे पाहत होती. त्याने सारंगला माफ केलं. हातात क्षमेची ट्रॉफी असताना दुसरं काही करता येत नव्हतं.