पार्लमेंटातल्या टोप्या

१६४८च्या डिसेंबरात लंडनच्या पार्लमेंटचं कामकाज सभासदांऐवजी त्यांच्या टोप्यांनी चालवलं, आणि ते नेहमीपेक्षा लवकर आटोपलं.

त्याचं असं झालं. यादवी युद्धात राजा पार्लमेंटच्या फौजेकडून हरला होता. त्याच्याशी तडजोड करू पाहणारे सभासद फौजेला नको होते, म्हणून कर्नल ग्रिमशॉ पार्लमेंटच्या दारात पहारा लावून उभा राहिला. चेहऱ्यावरून कोण कुठल्या बाजूचा ते कळेना, तेव्हा त्यानं सगळ्यांनाच अडवलं. फक्त सभापतींना सोडलं, कारण सभापतींना मत नसतं.

निदान जागा तरी राहावी म्हणून सभासदांनी, आपण एस.टी.त रुमाल टाकतो तशा, आपापल्या टोप्या आत पाठवल्या. हुकूम माणसं अडवण्याचा होता. टोप्यांना शिपायांनी सलाम ठोकून वाट दिली. सभापतींनी बाकांवर नजर फिरवली, गणसंख्या पुरी असल्याचं जाहीर केलं आणि विषय पुकारला: राजावर देहान्त शिक्षेसाठी खटला भरावा काय?

रिवाज असा, की विरुद्ध असेल त्यानं उठून बाहेर जायचं. बसून राहील तो बाजूनं. टोप्या बसून राहिल्या.

बाहेर पायरीवर अँब्रोझ विकली हा म्हातारा सभासद बोडक्या डोक्यानं कुडकुडत होता.

"कर्नलसाहेब, राजाशी मीही लढलो. पण ते त्याला वठणीवर आणायला, मान उडवायला नव्हे. मला मत देऊ द्या."

"तुमचं मत आतच आहे की."

"ती माझी टोपी आहे!"

"आणि तुमच्यापेक्षा शांत आहे."

विकलीनं दाराच्या फटीला तोंड लावलं. "अगं, इतकी वर्षं तुला डोक्यावर घेऊन फिरलो. आज एकदा माझ्यासाठी ऊठ!"

"घरीही हिच्याशी असंच बोलता?" कर्नलनं चौकशी केली.

थोड्या वेळानं टोपी बाहेर आली. एकटीच. मागे दार लागलं आणि ठराव एका मताच्या विरोधासह मंजूर झाला.

कर्नलनं टोपीला तिथंच कैद केलं.

"तिला सोडा," विकली म्हणाला. "विरोध माझा आहे. मला धरा."

"तुम्ही आत होता?"

"नव्हतो."

"मग तुमचा संबंध काय? घरी जा, आजोबा. गारठा आहे."

राजावर खटला चालला, शिक्षा झाली, अंमलातही आली. विकली दर रविवारी टोपी झाडायचा ब्रश घेऊन तुरुंगाच्या दारात उभा राही. भेटीची मुभा फक्त रक्ताच्या नात्याला होती. यात तुरुंगाधिकाऱ्याचं काही चुकलं, असं नियम वाचून तरी वाटत नाही.