मनोऱ्यावरचं रीडिंग

सकाळी अकराला फोन वाजला की मी नाव न बघताच उचलते.

"वहिनी, दोन कबुतरं. कुरडयांपासून चार फुटांवर. बाकी नॉर्मल हाय."

फोन बंद. मी काठी घेऊन गच्चीवर धावते. धावते म्हणजे बहात्तराव्या वर्षी जे काही होतं ते. बघते तर खरंच दोन कबुतरं.

फोन करणारे भास्करराव आमचे शेजारी. मुक्काम मात्र टेकडीवरच्या मनोऱ्यात. नाशकातल्या रिक्षावाल्याला नुसतं 'मनोऱ्याखाली' म्हटलं की तो आमच्या कॉलनीत आणून सोडतो. पाहुणे एकदा वर चढतात, फोटो काढतात, धापा टाकत उतरतात. भास्करराव रोज जातात. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात त्यांनी जन्मभर दर तासाला मीटरचे आकडे वहीत टिपले. निवृत्त झाले तरी हात थांबेना, मग वही आणि दुर्बीण घेऊन मनोरा गाठला. 'दहा वाजता : धूर सरळ. कोपऱ्यावरच्या बंगल्याची टाकी वाहतेय. मालकाला फोन केला. मालक चिडले.'

ते निवृत्त झाले तेव्हा मी अवघी चोपन्न वर्षांची कोवळी पोर. दुर्बीण आपल्या बाजूला वळलेली, म्हणजे रोख आपल्यावरच, अशी माझी बालंबाल खात्री! कपडे वाळत घालायला मी जांभळं रेशमी पातळ नेसून, अबोलीचा गजरा माळून जायची. पंधरा दिवस पोट आत धरून चादरी पिळल्या. पाठीत उसण भरली तेव्हा त्यांना रस्त्यात गाठलं.

"काय हो, दिवसभर आमच्याकडे काय बघता?"

ते गोंधळले. "तुमच्याकडं? तुमच्याकडं कबुतरंच येतात, वहिनी."

शेजारी उभ्या त्यांच्या बायकोने, सुमनताईंनी, पदराचा बोळा तोंडात कोंबला. त्या दिवसापासून आम्ही दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी.

गेल्या वर्षी सुमनताई गेल्या. रीडिंग थांबलं नाही, उलट लांबलं. पूर्वी साडेबाराला जेवायला न चुकता उतरणारा माणूस आता दिवेलागणीपर्यंत वरच. लावलेला डबा दाराला लटकलेला, झाकणावर मुंग्या. गळ्याची हाडं दिसायला लागली. "जेवलात का?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "नॉर्मल हाय."

परवा मीच डबा घेऊन वर चढले, वाटेत चारदा बसून. साडेबारा वाजत आले होते आणि दुर्बीण त्या वेळेपुरती कठड्याला सुतळीने घट्ट बांधलेली होती, तोंड एकाच दिशेला. मी डोळा लावला. आमची गच्ची नव्हतीच त्यात! त्यांची होती. कपडे वाळत घालायची एक दोरी, रिकामी.

"तिथे काय आहे?"

"स्वयंपाक झाला की ती दोरीवर पिवळं लुगडं टाकायची. मग मी उतरायचो." ते वहीत बघत म्हणाले, "मोबाईल आला तरी तसंच. फोनवर जेवायला बोलावतात का, म्हणायची."

मी वहीचं पान उलटलं. 'साडेबारा : दोरी रिकामी.' आणखी एक उलटलं. 'साडेबारा : दोरी रिकामी.'

"डबा खाऊन घ्या."

"खाली गेल्यावर खातो," ते म्हणाले, आणि खाली काही आले नाहीत.

काल मेथीची भाजी टाकली. त्यांच्या घराची जादा किल्ली सुमनताईंनी कधीपासून माझ्याकडे ठेवलेली. साडेबाराला त्यांच्या गच्चीवर गेले. पिवळं काही माझ्याकडे नव्हतं. पोट आत धरून नेसलेलं ते जांभळं तेवढं होतं. ते दोरीवर पसरलं, दोन चिमटे लावले आणि उगाच मनोऱ्याकडे पाठ करून उभी राहिले.

बराच वेळ काही नाही. मग फोन.

"वहिनी, रंग चुकलाय."

"माहितीय."



"भाजी कसली हाय?"

"मेथीची."

"उतरतोय."

मी लगबगीने घरी आले. बघते तर कणीक एकाच माणसापुरती मळलेली. आमचे हे गेल्यापासून हाताला मापच तेवढं बसलंय. डब्यातून आणखी दोन मुठी पीठ काढलं.