फिलिपाबाईंकडे बाड पाठवण्याचे नियम

हॅदर्सवेल लेखक मंडळाच्या मार्च महिन्याच्या सभेत, ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत, ‘लेखकाला एजंट लागतो किंवा कसे’ हा विषय रीतसर मांडण्यात आला. मंडळाचे सभासद सात. त्यांपैकी छापून आलेल्या एकट्या म्युरिएल क्लेगबाई. त्यांची मुरंब्याची कृती चर्चच्या मासिकात दोनदा आली होती, दुसऱ्यांदा चूक दुरुस्त करून. म्हणून त्या अध्यक्ष. मतदान झालं. ‘लागतो’ म्हणणारे तीन, ‘लागत नाही’ म्हणणारे तीन. सातवा सभासद चहाचं पाणी ठेवायला गेला होता. तो सातवा मी, क्लाइव्ह ऑल्डरॉइड. माझं मत राखून ठेवण्यात आलं.

मला घाई नव्हती, कारण मी प्रत्यक्ष अनुभव घेत होतो. माझे वडील आमच्या कालव्याचे दरवाजे उघडायचे आणि मिटायचे, चाळीस वर्षं. त्यांच्याविषयी कुणी कधी एक ओळ लिहिली नाही. मी चारशे बारा पानं लिहिली, अकरा वर्षं खपून. हे पुस्तक छापून यावं, एवढंच माझं मागणं होतं.

प्रकाशकांनी कळवलं, आम्ही फक्त एजंटामार्फत आलेली बाडं पाहतो. एजंटांनी विचारलं, आपलं यापूर्वी काय प्रकाशित झालं आहे? वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातली गत. तरी मी नियमाप्रमाणे पहिली तीन प्रकरणं, एक पानी गोषवारा आणि अर्ज पाठवत राहिलो. अर्जात आपलं पुस्तक कोणत्या दोन गाजलेल्या पुस्तकांसारखं आहे ते लिहायचं असतं आणि त्याखाली, असं पुस्तक आजवर झालेलं नाही, हेही लिहायचं असतं. ‘मी केवळ आपल्यालाच लिहीत आहे’ असं मी अडतीस जणांना लिहिलं. बारा आठवड्यांत उत्तर आलं नाही तर नकार समजावा, असा त्यांचा नियम. सदतीस नकार मी समजून घेतले. अडतिसाव्या बाईंनी मात्र लिहिलं, ‘मी आपल्या पुस्तकाच्या पुरेशी प्रेमात पडू शकले नाही.’

माझी बायको एनिड टोस्टला लोणी लावत होती. ते पत्र वाचून ती म्हणाली, “पुरेशी? मी तरी कुठे पुरेशी पडले होते? चौतीस वर्षं चाललंय ना?”

त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एजंट मिळत नसेल तर एजंट नेमावा. मी फिलिपा गार्साइड-वेन या बाईंची स्थापना केली. जोडनाव मुद्दाम ठेवलं. आमच्याकडे जोडनावाच्या माणसाला कुणी थांबायला सांगत नाही. बाईंची सेक्रेटरी म्हणून फोनवर बोलायचं काम एनिडकडे दिलं. ती नाकातून बोलायची आणि मोजून तीन वाक्यांत फोन ठेवायची, त्यामुळे बाईंचा दरारा वाढला.

फिलिपाबाईंनी माझी कादंबरी लंडनच्या एका प्रकाशनाकडे पाठवली. चौथ्या दिवशी टोबायस नावाच्या संपादकाचं उत्तर आलं. फिलिपाबाईंचं पत्र त्याला फार आवडलं होतं. कादंबरीविषयी एक अक्षर नव्हतं. आपल्याकडे आणखी कोण कोण लेखक आहेत, एवढंच त्याने अदबीने विचारलं होतं.

आता ज्या एजंटाकडे एकच लेखक, तो एजंट कसला, हे मलाही पटलं. लेखक हवेत अशी जाहिरात दिली. पंधरा दिवसांत दोनशे सोळा बाडं आली. सगळेजण ‘केवळ आपल्यालाच’ लिहीत होते. आमच्या मंडळातले सहाही जण त्यात होते, एजंट लागत नाही म्हणणारे तिघे सर्वांत आधी. पुढच्या सभेत म्युरिएलबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, “तू पाठवलंस का रे फिलिपाकडे? नाही? बरोबर आहे म्हणा. ती फार चोखंदळ आहे.”

एवढी बाडं वाचायची म्हणजे नियम आले. तीन प्रकरणं, एक पानी गोषवारा, बारा आठवडे. आयुष्यातली एकतीस वर्षं मी नगरपालिकेत गाडी नको तिथे लावल्याच्या दंडाविरुद्धचे अर्ज फेटाळण्यात घालवली होती, त्यामुळे हात लगेच बसला. कुणाच्याही पुरेशा प्रेमात पडायचं नाही, हे मला नोकरीतच शिकवलेलं होतं. दुसऱ्या महिन्यापासून मी नवव्या पानापर्यंतच वाचू लागलो. चांगलं पुस्तक नवव्या पानाआधीच कळतं, असं फिलिपाबाईंचं मत पडलं.

म्युरिएलबाई निवृत्तीपूर्वी गाडी चालवण्याची परीक्षा घेत. अर्ध्या गावाला त्यांनी नापास केलं होतं आणि त्याच आठवणी लिहिल्या होत्या. मी ते पुस्तक एका बैठकीत वाचलं, दोनदा मोठ्यांदा हसलो आणि लगेच घेतलं. टोबायसनेही घेतलं. मग त्याचा फोन आला. यादी उत्तमच आहे, पण तो कालवेवाला कशाला ठेवलाय, बाकीच्यांची किंमत कमी होते, असं त्याचं म्हणणं. एनिडने “बाई विचार करतील” म्हणून फोन ठेवला आणि ते मला जसंच्या तसं सांगितलं.

फिलिपाबाईंनी विचार केला. त्यांनी माझं बाड इतर बाडांच्या ढिगात ठेवलं आणि पाळी आल्यावर काढलं. अकरा वर्षांत प्रथमच मी ते दुसऱ्या कुणाचं म्हणून वाचलं. नवव्या पानापर्यंत दरवाजा उघडला नव्हता. धुकं होतं, सहा पानं धुकं होतं. माझ्या वडिलांनी पहिल्याच पानावर दरवाजा उघडला असता; बोटवाले खोळंबले तर ते शिव्या देत. मला फार वाईट वाटलं, आणि नगरपालिकेतल्या सवयीने हात नकाराच्या पत्राकडे गेला.

नियम म्हणजे नियम. मी पत्र लिहिलं, तिकीट लावलं आणि स्वतःच्या पत्त्यावर टाकलं. दोन दिवसांनी न्याहारीला ते आलं. एनिडने वाचलं.

“उत्तर तरी दिलं तुला,” ती म्हणाली. “बाकीच्यांना देत नाही ती.”

परवाच्या सभेत माझं राखून ठेवलेलं मत मागवण्यात आलं. मी हात वर केला: एजंट लागतो. ठराव चार विरुद्ध तीनने मंजूर झाला. विरोधी तिघांपैकी एकीने नंतर हळूच विचारलं, बारा आठवडे बरोबर कुठल्या दिवसापासून धरायचे?

तोच प्रश्न आपणही फिलिपाबाईंना पत्राने विचारला होता, म्हणून हे उत्तर. आपली तीन प्रकरणं पोचली. आपलं नववं पान माझ्यासमोर आहे. तिथेही धुकंच आहे.