चार नंबरची विद्यार्थिनी

"तुम्ही जिवंत आहात का?"

अरुंधतीने एका दमात विचारलं आणि रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला. प्रश्न तिचा नव्हता. पलंगावर एकमेकींचे हात घट्ट धरून बसलेल्या अनुसया आणि कुसुमने पैज लावली होती. विचारून दाखव, नाहीतर स्वतःले बाई म्हणवून घेऊ नको!

तारेत खरखर झाली. मग तो आवाज आला. बाईचा, दबका, तोंडावर पदर धरून बोलल्यासारखा.

"विचारून सांगते."

आणि पलीकडे रिसीव्हर अगदी हळूच खाली ठेवला गेला.

"कोणाले विचारन वं ते?" अनुसया कुजबुजली.

"असन वर कोणी साहेब," असं म्हणून कुसुम जी पळाली, ती चपला विसरून. मे महिना, नागपूर, भर दुपार आणि अनवाणी! किती घाबरली असेल ते यावरून समजा.

त्याचं असं होतं. अरुंधतीच्या बाबांच्या कारखान्याची कॉलनी शहराच्या पार टोकाला. मशीन बंद पडलं की माणसं लगेच बोलावता यावीत म्हणून चार क्वार्टरांत फोन दिले होते, पण तार चौघांत एकच. कोणीही रिसीव्हर उचलला की बाकीच्यांचं सगळं ऐकू यायचं. दुपारी लू सुटली की आया पोरींना दाराबाहेर पाऊल टाकू देत नसत, म्हणून अरुंधतीची शाळा या तारेवर भरे. विषय एकच, झिलमी.

झिलमी ही अरुंधतीने स्वतः बनवलेली भाषा. 'च'ची भाषा नव्हे, ती तर बालवाडीतली पोरंही ओळखतात. झिलमीत क्रियापद आधी येतं, रागवायला सात शब्द आहेत आणि 'ओरा' म्हणजे नमस्कार. दोन नंबरात अनुसया आणि तिच्या फोनला कान लावून कुसुमसह आणखी तिघी, असा वर्ग. वर्गात मागच्या बाकावर बसून तोंड न उघडणारी अरुंधती तारेवर चक्क बाई झाली होती. पोरी तिला घाबरत होत्या! ही शाळा बंद पडली असती, तर तिला पुन्हा मागचा बाक होता.

आणि एक दिवस धडा संपताना तारेवर एक जास्तीचा आवाज म्हणाला, "ओरा."

सगळ्यांनी हिशोब केला. एक नंबरात अरुंधती. दोन नंबरात अनुसया. तीन नंबरात भागीरथाकाकू, पण त्या जेवून घोरत पडतात आणि त्यांचा मुलगा गिरिधर ड्युटीवर. घरात दोनच माणसं. उरला चार नंबर, आणि चार नंबरला कुलूप. तिथल्या यमुताई फाल्गुनात वारल्या. फोन तेवढा भिंतीवर तसाच राहिला होता.

पैजेची गोष्ट संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झाली. अनुसयाच्या आईने फोनला लिंबू-मिरची बांधली. तिचे बाबा मनोहरराव फोन वाजला की गच्चीवर जाऊ लागले. दोन दिवसांनी कारखान्यातलं मोठं मशीन बंद पडलं. चारी घरांत घंटा वाजत राहिली आणि एकानेही उचलला नाही. शेवटी साहेब स्वतः जीप घेऊन आले.

"मधुसूदनराव, फोन का उचलत नाही तुम्ही लोक?"

"साहेब, तारेवर यमुताई हायेत," अरुंधतीचे बाबा म्हणाले.

साहेब हसले. मग त्यांनी फोनकडे पाहिलं आणि चहा अंगणातच घेतला.

त्यावर अरुंधतीच्या आईने, म्हणजे पुष्पलताबाईंनी, रिसीव्हरच्या भोकांत पळीभर गोमूत्र सोडलं. त्यामुळे भूत गेलं नाही. पण त्या दिवसापासून येणारा प्रत्येक आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा गुडगुडू लागला. मामाचा फोन आला तरी आई रामरक्षा म्हणायची.

वर्गातल्या सगळ्या पोरी गेल्या. आता शिकायला तयार होती फक्त एकच, ती चार नंबरवाली. अरुंधतीने रात्रभर विचार केला. भूत असलं म्हणून काय झालं? विद्यार्थिनी ती विद्यार्थिनी.

दुसऱ्या दिवशी आई झोपल्यावर तिने रिसीव्हर उचलला. "ओरा."

"ओरा," विहिरीतून उत्तर आलं.

"तुम्ही कुठे राहता?" अरुंधतीने झिलमीत विचारलं.

"आतल्या खोलीत राहते."

"क्रियापद आधी," अरुंधती म्हणाली. भूत असलं तरी चूक सोडवेना. "बाहेर येता का?"

"दार ओलांडायचं नाही मला."

"जेवता?"

"सगळ्यांचं झाल्यावर. उरलं तर."

"तुमचं नाव?"

"होतं. इथे आणलं तेव्हा काढून घेतलं."

खिडकीला लावलेल्या ओल्या वाळ्याच्या ताट्यांतून गार वारा येत होता, तरी अरुंधतीला घाम फुटला. "कधी आणलं?"

"फाल्गुनात."

अरुंधतीने डोळे मिटून घेतले.

"बाई," आवाज म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं ना, मी जिवंत आहे का? मी आज विचारलं."

"कोणाला?"

"सगळं ज्यांना विचारायचं असतं, त्यांना."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाल्या, आधी कुरोड्या वाळत घाल. थांबा हं, घालून येते."

कुरोड्या? वर कुरडया घालतात? अरुंधतीने खिडकीतला ताटा बाजूला सारला. भगभगीत उन्हात तीन नंबरचं अंगण रिकामं पडलं होतं. दारातून एक हात बाहेर आला, हिरव्या बांगड्या भरलेला. दाराशी टेकवलेल्या बाजेवरच्या धोतरावर त्याने भराभरा कुरोड्या मांडल्या. हात आत गेला.

"घातल्या," फोनमधून आवाज आला.

तीन नंबरात दोनच माणसं, असं अख्खी कॉलनी सांगत होती. फाल्गुनात उमरेडहून लग्न करून आणलेली सून कोणी मोजलीच नव्हती!

डोक्याला ओढणी गुंडाळून अरुंधती उन्हातून धावत सुटली. आतल्या खोलीत, फोनपाशी, पिठाच्या हातांनी लतिकावहिनी उभी होती; लतिका हे सासरी ठेवलेलं नाव. अरुंधतीहून दोनच वर्षांनी मोठी असेल.

"ओरा!" दोघी एकदम म्हणाल्या आणि खुदखुदून हसल्या. मग लतिका सुटलीच. माहेरी दहावीची पुस्तकं अर्धी वाचून राहिली, परीक्षेआधीच लग्न उरकलं, सगळं ती झिलमीत सांगत होती. क्रियापदं वाटेल तिथे पडत होती. पहिल्यांदाच अरुंधतीने एकही चूक काढली नाही.

मागे भांडं पडलं. दारात भागीरथाकाकू उभ्या होत्या. कॉलनीभर गाजलेली भुताची बोली आपल्याच सुनेच्या तोंडून ऐकून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"य... यमुताई?" त्यांनी हात जोडले. "तू बस वं माय. बाकीच्या कुरोड्या मी घालतो."

लतिका सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात अरुंधती झिलमीत म्हणाली, "बसा गप्प."

संध्याकाळी भागीरथाकाकू एक नंबरात येऊन बसल्या. गिरिधर पायरीवर नखं खात होता.

"सूनबाईच्या अंगात आली ना हो ते! दुपारपासून मी हात जोडून राहिली, पण तिचं बोलणं तुमच्या पोरीलेच समजते."

"काटोलहून भगत बोलवू," बाबा म्हणाले. "मिरच्यांची धुरी देते तो. भूत बी पळते अन् माणूसबी."

वर्गात उत्तर येत असूनही अरुंधती कधी उभी राहिली नव्हती. आता राहिली.

"भगत नाही पाहिजे. मी विचारलं तिले. ते म्हणते, मॅट्रिकची परीक्षा देल्याशिवाय मी जात नाही."

"यमुताईले मॅट्रिक?" आई थक्क झाली.

"इच्छा राहून गेली असन तिची."

"अन् नापास झाली तर?" भागीरथाकाकूंनी घाबरत विचारलं.

"तर पुन्हा बसन. तवापर्यंत मुक्काम तुमच्याच घरी."

"मग पासच कर वं बाई तिले," काकू काकुळतीला आल्या.

अरुंधतीने आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि आवाज जराही न कापता म्हणाली, "आई, बाबा, मी ठरवलं हाय. उद्यापासून रोज दुपारी मी तीन नंबरात शिकवाले जाणार. अन् शिकवणी चालू असली की आम्हाले दोघींले कोणीबी कामाले हाक मारायची नाही. भूत बिथरते."