रिव्ह्यूअर नंबर दोन

मी एकदा लिहिलेलं पुन्हा वाचत नाही. आधीच सांगून ठेवतो. ज्याला पुन्हा वाचावं लागतं त्याला पहिल्यांदा नीट लिहिताच आलेलं नसतं, असं माझं मत आहे, आणि हे मत मी बऱ्याच मास्तरांच्या तोंडावर फेकलेलं आहे. बारावीनंतर कॉलेज सोडलं ते या मास्तरांपायीच. पुढे जे शिकलो ते लायब्ररीत उभ्याने आणि इस्पितळात बसून.

इस्पितळात म्हणजे केसपेपरच्या खिडकीत. बावीस वर्षं. नाव सांगा, वय सांगा, काय होतंय सांगा. एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट कळली, जी आतल्या खोलीतल्या डॉक्टरला अजून कळलेली नाही. आजारी माणसाचं बोलणं रांगेबरोबर पुढे सरकता सरकता आटत जातं. खिडकीवर बाई सात वाक्यं बोलते. घरात काय भांडण झालं, कधीपासून जेवण जात नाही, मग पोटात कसं पिळवटतं. नर्सपाशी पोहोचेस्तोवर तीन उरतात. डॉक्टरसमोर बसली की म्हणते, "पोट दुखतंय." आणि डॉक्टर म्हणतो, या लोकांना धड सांगताच येत नाही. अरे, तुझ्यापर्यंत पोहोचू दिलं का कुणी तिला?

हे सगळं मी वह्यांत लिहीत होतो. नऊ वह्या भरल्या. त्या वहिनींच्या हाती लागल्या.

वहिनी कॉलेजात समाजशास्त्र शिकवतात, सहा वर्षं हंगामी. आजारपण आणि समाज या विषयाच्या एका बड्या जर्नलने लेख स्वीकारल्याचं पत्र टर्म संपायच्या आत आणलं तर नोकरी कायम, नाही तर नमस्कार, असं प्राचार्यांनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

"भाऊजी, तुमच्या वह्यांतून झकास लेख होईल," वहिनी म्हणाल्या. "दोघांच्या नावाने पाठवू. मी फक्त जर्नलच्या भाषेत बसवते."

"बसवा की. कुठेही बसवा."

"पाठवायच्या आधी एकदा वाचाल ना?"

"आपण पुन्हा वाचत नाही."

दादा पेपरामागून म्हणाला, "वाच रे. पस्तावशील."

दादाला मी उत्तर देत नाही. तो बँकेत आहे.

वहिनींनी लेख पाठवला. माझा पत्ता म्हणून इस्पितळातला ईमेल दिला, जो मी आजवर दोनदा उघडला असेल. पण मला आता चेव चढला होता. मी त्या जर्नलची वेबसाइट धुंडाळली आणि एक ओळ दिसली: रिव्ह्यूअर हवेत. म्हणजे आलेला लेख छापण्याजोगा आहे की नाही ते सांगणारी माणसं. लेखकाचं नाव त्यांना दाखवत नाहीत, त्यांचं नाव लेखकाला दाखवत नाहीत. काय सुंदर पद्धत आहे. तोंड न दाखवता खरं बोलायची सोय मला जन्मात कुणी दिली नव्हती. मी घरचा ईमेल टाकला, वर्तमानपत्रांना पत्रं लिहितो ते टोपणनाव टाकलं आणि पात्रतेच्या रकान्यात ठोकून दिलं: रुग्णांच्या थेट संपर्कात बावीस वर्षं. खोटं काय त्यात?

तीन आठवड्यांत तपासायला लेख आला. गुप्ततेची अट होती, म्हणून घरात चकार शब्द काढला नाही. लेखाचं नाव 'बहुस्तरीय आरोग्य-अवकाशातील रुग्णकथनाचे संकोचन'. आत खिडकीला 'प्रवेशबिंदू' आणि रांगेला 'कालिक शिस्तीचे स्थळ' म्हटलेलं. सव्वीस पानं पालथी घातली तरी एक आजारी माणूस सापडेना. वर 'माहितीदाता क' नावाचा कुणी दीडशहाणा पानोपानी डोकावून अक्कल शिकवत होता. माझं डोकंच फिरलं. रविवारची अख्खी दुपार बसून चार पानी रिव्ह्यू हाणला. पुन्हा वाचला नाही. शेरा दिला, नामंजूर. आणि पाठवून मोकळा झालो.

दहा दिवसांनी वहिनी कॉलेजातून आल्या त्या चप्पल न काढताच स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसल्या. आई मटार सोलत होती, दादा पेपर वाचत होता.

"दोन्ही रिव्ह्यू आले," वहिनी म्हणाल्या. "एकाला आवडलाय. दुसऱ्याने पार चिरफाड केलीय."

"कोण आहे मेला?" आईने विचारलं.

"नाव सांगत नाहीत, आई."

"वाचा," मी बाह्या सरसावल्या. "बघतोच त्याला."

"म्हणतो, 'ही भाषा नसून भाषेला आलेली सूज आहे.'"

"माज बघा," मी म्हणालो. सूज हा शब्द जरा ओळखीचा वाटला. पण चांगले शब्द काय, कुणालाही सुचतात.

"'पान नऊवरचा एकच मुद्दा खरा आहे. तो लेखकाने खिडकीवर बसणाऱ्या कुणा माणसाकडून ढापलेला दिसतो.'" वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "चोर म्हणतोय मला, भाऊजी."

माझ्या बाह्या आपोआप खाली आल्या.

"'माहितीदाता क हा इसम आगाऊ आहे. त्याच्या बोलण्यावर विसंबू नये.'"

"हा क कोण?" दादाने विचारलं.

"हे भाऊजीच."

दादाने पेपर खाली ठेवला. "बाकी काही म्हणा, रिव्ह्यूअर जाणकार आहे."

"कसला जाणकार," आई म्हणाली. "त्याच्या आईने त्याला काडीचं वळण लावलेलं नाही."

"आई, असं नको बोलूस."

"का? तुझा कोण लागतो तो?"

मी पाणी प्यायलो. आणखी एक भांडं प्यायलो. मग वहिनी म्हणाल्या, "खरं तर त्याचं काय चुकलं? मुद्दा तुमचाच आहे. उद्या लेख मागे घेते. नोकरीचं बघू काय ते."

मी भांडं खाली ठेवलं.

"वहिनी, रिव्ह्यूअर नंबर दोन मी आहे."

मटाराची शेंग आईच्या हातात तशीच राहिली.

"म्हणजे मघाशी मी मलाच..." आई म्हणाली.

दादा हसता हसता खुर्चीवरून घसरला. त्याला कुणी उचललं नाही.

"तुम्ही वाचलातही नाही आधी," वहिनी म्हणाल्या. "आणि वाचलात तेव्हा ओळखलातही नाही?"

"त्यात ओळखण्यासारखं काय ठेवलं होतं तुम्ही?"

आई तेवढी व्यवहारी. "सोपं आहे," ती म्हणाली. "पुन्हा लिही आणि तिला पास कर. कोण बघतंय?"

"नाही आई," वहिनी म्हणाल्या. "संपादकांना खरं कळवायचं. आत्ताच."

टर्मचे एकोणीस दिवस उरले होते. संपादकाने दोघांनाही हाकलून दिलं असतं तरी आम्हाला बोलायला तोंड नव्हतं. मी पत्र लिहिलं. वहिनींनी ते मला दोनदा वाचायला लावलं.

नऊ दिवस उत्तर नाही. मी खिडकीवर नावाच्या रकान्यात वय लिहीत होतो. वहिनी माझ्याशी बोलत होत्या, पण त्यांची वाक्यं सातावरून तिनावर आली होती. दहाव्या दिवशी एकच आलं: "उत्तर आलंय."

संपादकाने लिहिलं होतं: "स्वतःचा लेख गुपचूप स्वतःच तपासून मंजूर करणारे वर्षाला दोन-तीन सापडतात. त्यांना आम्ही कायमचे काढून टाकतो. स्वतःचा लेख नामंजूर करणारे आपण पहिलेच. त्यासाठी आमच्याकडे नियम नाही." माझा रिव्ह्यू रद्द केला होता. लेख तातडीने तिसऱ्याकडे पाठवला होता. त्याने तीन ओळी लिहिल्या: लेख उत्तम, भाषा संपन्न, जसाच्या तसा छापावा. मंजूर.

वहिनींची नोकरी कायम झाली. आईने संपादकाला आशीर्वाद दिले. सूज जशीच्या तशी छापून आली. माझी बावीस वर्षं त्यात कुठे आहेत ते मी अजून शोधतोय. पान सहापर्यंत पोहोचलोय.

पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ होती. लेख शेवटापर्यंत वाचणारा रिव्ह्यूअर दुर्मिळ, म्हणून संपादकाने माझं नाव एका दुसऱ्या जर्नलला दिलं होतं. महिन्याभरात तिकडून तपासायला लेख आलाही. पहिल्या पानावर चार शब्द सुजलेले दिसले आणि हात शिवशिवला. पण माणूस शिकतो. गुप्ततेची अट खुंटीला टांगून मी लॅपटॉप घेऊन बाहेरच्या खोलीत गेलो.

"हे घरातल्या कुणाचं नाही ना?"

"माझं नाही," आई म्हणाली. दादाने मान हलवली.

वहिनींनी विचारलं, "विषय काय आहे?"

मी विषय सांगितला.

वहिनींनी पंख्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "तो दहाव्या पानापासून चांगला होतो, भाऊजी."