पाहुणा आणि पोशाख उपसमिती

माणसानं पक्ष्याकडे बघावं, ही रीत फार जुनी आहे. पण बघणाऱ्या माणसाच्या अंगावर काय असावं, हा प्रश्न इतकी वर्षं कुणालाच पडला नाही, यावरून मागची पिढी किती बेफिकीर होती ते कळतं. त्या काळी लोक टेकडीवर निघताना मुलाचा शाळेतला उसवलेला स्वेटर, नवऱ्याची ढगळ पँट, कुणीतरी भेट दिलेली आणि घरात कुणालाच न आवडलेली शाल, असं हाताला येईल ते चढवून निघत. तरी पक्षी दिसत. (पक्ष्यांपुढे दुसरा इलाज नव्हता.)

हा गोंधळ निस्तरण्यासाठी पक्षिनिरीक्षक मंडळानं पोशाख उपसमिती नेमली. अध्यक्ष म्हणून निवृत्त मुख्याध्यापक, सचिव म्हणून दातांचे डॉक्टर आणि आणखी तीन सदस्य. हे तिघं त्या दिवशी सभेला गैरहजर होते, म्हणून त्यांची निवड एकमतानं झाली. शिवाय मंडळातल्या एका मावशींना 'निमंत्रित' म्हणून बोलावलं. मावशींनी गणवेशांच्या कारखान्यात चौतीस वर्षं शिलाई मशीन चालवलं होतं. कापड चिमटीत धरलं की ते किती वर्षं अंगावर टिकेल आणि कुठे आधी विरेल, हे त्या सांगत. एवढी माहिती असलेल्या माणसाचं मन आधीच कलुषित झालेलं असतं, म्हणून त्यांना मताचा अधिकार दिला नव्हता.

उपसमितीचं काम सोपं होतं. पोशाख स्वस्त हवा, टिकाऊ हवा आणि पक्ष्यांच्या डोळ्यांना खुपता कामा नये. पहिल्याच बैठकीत 'स्वस्त' म्हणजे काय ते ठरलं: 'ज्या किमतीबाबत सभासदाला घरी खोटं सांगावं लागत नाही, ती.' चर्चेअंती यात 'एकापेक्षा जास्त वेळा' हे शब्द घालण्यात आले. त्याच बैठकीत दुसराही ठराव झाला: पोशाख निश्चित होईपर्यंत कोणीही टेकडीवर जाऊ नये, म्हणजे मंडळाची शोभा होणार नाही.

मावशी अडल्या त्या या दुसऱ्या ठरावानं. त्या टेकडीच्या माथ्यावर दर वर्षी एक पाहुणा पक्षी उतरतो, बारा दिवस राहतो आणि पुढे निघून जातो. मावशी आणि त्यांची थोरली बहीण एकोणतीस वर्षं त्याला बघायला जात होत्या. म्हणजे सव्वीस वर्षं दोघी, आणि मागची तीन वर्षं मावशी एकट्या. एका वहीत तारखा होत्या, पहिल्या सव्वीस ताईच्या टपोऱ्या अक्षरात. यंदा हाडांच्या डॉक्टरांनी मावशींचे गुडघे दाबून बघितले आणि म्हणाले, "यंदा चढून घ्या. पुढच्या वर्षीचं मला विचारू नका." मावशींना यंदाची तारीख लिहायची होती, एवढंच. पण टेकडीला आता कुंपण झालं होतं आणि मंडळाच्या पत्राशिवाय फाटकावरचा वनरक्षक कुणाला आत सोडत नव्हता.

त्यांच्याकडे कोट नव्हता असं नाही. कारखान्याशेजारचं छत्रीवाल्याचं दुकान बंद झालं तेव्हा त्यानं उरलेलं कापड मावशींना देऊन टाकलं होतं. त्याचा हा कोट. अस्तर गणवेशाच्या उरलेल्या फ्लॅनेलचं, बटणं एका आचाऱ्याच्या अंगरख्याची. ताईनं शेजारी बसून हट्टानं एक आतला खिसा लावायला लावला होता, वहीच्या मापाचा. चोवीस वर्षांत कोट दोनदा उसवला आणि दोनदा शिवला. सून अधूनमधून म्हणायची, "आई, बोहारीणसुद्धा याचा चमचा देणार नाही." मावशी म्हणायच्या, "मी कुठे चमचा मागतेय?"

उपसमितीच्या बैठका दातांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत होत. दुकानांतून नमुन्यादाखल सहा जॅकेटं आणि चार पँटी आणल्या होत्या. त्यांच्या चाचण्या इतक्या शास्त्रशुद्ध होत्या की दाढ दुखत असलेले लोकसुद्धा बघत बसायचे. वाऱ्यासाठी पंखा लावला. पावसासाठी सचिव स्वतः जॅकेट घालून न्हाणीघरात शॉवरखाली उभे राहिले. आत खोचलेलं वर्तमानपत्र चौथ्या मिनिटापर्यंत वाचता येत होतं. सळसळीची चाचणी सर्वांत अवघड, कारण कापड सळसळलं की पक्षी उडतो. एका सदस्यानं जॅकेट घालून पडद्यामागे फेऱ्या मारल्या आणि पेशंट धरून नऊ जणांनी डोळे मिटून कान दिले. सात जणांना सळसळ ऐकू आली. उरलेल्या दोघांना चाचणी संपल्याचंही ऐकू आलं नाही. गुडघ्यापाशी चेन उघडली की अर्धी होणारी पँट दुसऱ्या सदस्यानं घालून बघितली. एक पाय सुटला, दुसऱ्याची चेन अडकली. तो तसाच घरी गेला. इतिवृत्तात 'अंशतः यशस्वी' अशी नोंद आहे.

चाचण्यांच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मावशींचा फोन वाजला. फाटकावरचा वनरक्षक होता. "मावशी, तुमचा पाहुणा आला बघा. काल संध्याकाळी."

"मग मी येते की उद्या."

"पत्र आणा. पत्राशिवाय सोडलं तर मलाच टेकडीवर घरटं बांधावं लागेल."

मावशी तडक दवाखान्यात गेल्या. तिथे खिशांवर चर्चा चालू होती.

"अहो, तो आलाय," मावशी म्हणाल्या. "बारा दिवस असतो. त्यातला एक गेला."

मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून बघितलं. "मावशी, विषयपत्रिकेत आत्ता खिसे आहेत."

"खिसे काय, मी घरी बसून लावून देते सगळ्यांना. तुम्ही पत्र द्या."

"आणि कोणी काहीबाही घालून गेलं तर? पक्षी काय म्हणतील?"

"एकोणतीस वर्षं काही म्हणाले नाहीत."

"म्हणजे इतकी वर्षं त्यांनी सहन केलं," सचिव म्हणाले आणि खिशांकडे वळले.

खिशांना दोन दिवस लागले. रंगाला तीन. 'पालापाचोळ्यासारखा' हा रंग मंजूर झाला, पण त्यावर घाऊक सवलत नव्हती. सवलत नारिंगीवर होती. तेव्हा नारिंगी हा पालापाचोळ्याचाच रंग असल्याचं ('वाळत आलेल्या') सर्वानुमते मान्य झालं. पाहुणा आल्याच्या दहाव्या दिवशी त्रेचाळीस जॅकेटं आली. मावशींच्या मापाचं त्यात नव्हतं. निमंत्रितांची मापं घ्यायची पद्धत नव्हती.

"पुढच्या वर्षी नक्की," मुख्याध्यापक प्रेमानं म्हणाले. "यंदा तुम्ही जरा मदत करा. प्रत्येक जॅकेटवर मंडळाचा कापडी बिल्ला शिवायचाय. ज्यावर बिल्ला, तो पोशाख मान्यताप्राप्त. असा ठरावच आहे."

मावशींनी ठराव वाचून दाखवायला सांगितला. मग दुसऱ्यांदा वाचायला सांगितला. मुख्याध्यापकांना बरं वाटलं. इतक्या लक्षपूर्वक आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

घरी बिल्ले मोजले तर चव्वेचाळीस होते. एक खराब निघाला तर असावा, म्हणून पाठवलेला. मावशींनी चौतीस वर्षांत एकही बिल्ला खराब केला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्रेचाळीस जॅकेटं झाली. मग त्यांनी पेटीतून कोट काढला आणि चव्वेचाळिसावा बिल्ला त्यावर दुहेरी टाक्यानं शिवला. सून दारात उभी होती. "आई, हे चालतं का?" "ठराव आहे," मावशी म्हणाल्या.

बाराव्या दिवशी सकाळी मंडळ टेकडीच्या फाटकाशी पोचलं. वनरक्षकानं पत्र बघितलं, बिल्ले बघितले, मावशींचा बिल्लाही बघितला आणि मान वळवून फाटक उघडलं. नारिंगी रांग चढू लागली. दृश्य मोठं देखणं होतं. दगडावर कुणी बसत नव्हतं (डाग), झुडपात कुणी शिरत नव्हतं (काटे), दुर्बीण कुणी गळ्यात अडकवत नव्हतं (पट्ट्यानं कापड घासतं). अर्ध्या वाटेवर पाऊस आला.

कुणीतरी ओरडलं, "आतलं लेबल वाचा." जॅकेटच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: पहिल्या धुलाईपर्यंत पाण्यापासून जपावे. क्षणात सगळं मंडळ शेजारच्या पत्र्याच्या निवाऱ्याखाली पळालं. तिथे जागा कमी पडली. तेव्हा जॅकेटं काढून, घड्या घालून आत कोरड्या फळीवर ठेवली आणि सभासद सदऱ्यावर बाहेर पावसात उभे राहिले.

"मावशी, इकडे या," मुख्याध्यापक निथळत म्हणाले. "कोट भिजेल तुमचा."

"भिजेल आणि वाळेल," मावशी म्हणाल्या आणि चालत राहिल्या.

सचिवांनी पाठमोऱ्या कोटाकडे निरखून बघितलं. पाणी त्यावरून ओघळून जात होतं, सळसळ होत नव्हती, रंग झाडीत मिसळून गेला होता. "हा नमुना आपल्याकडे कसा आला नाही?" ते म्हणाले. "महागातला दिसतोय."

मावशी दर वीस पावलांना थांबत माथ्यावर पोचल्या. पाहुणा नेहमीच्या फांदीवर बसला होता. मावशी उभ्या होत्या तोवर तोही बसून होता. मग त्यांनी आतल्या खिशातून वही काढली. ती कोरडी होती. ताईच्या सव्वीस आणि स्वतःच्या तीन तारखांखाली त्यांनी तिसावी तारीख लिहिली, आणि जरा वेळानं शेजारी ताईचं नावही लिहिलं.

मंडळाच्या वार्षिक अहवालात त्या दिवसाची नोंद आहे. 'पाहुणा पक्षी: बहुसंख्य सभासदांना आढळला नाही. पोशाख: अत्यंत समाधानकारक, एकही जॅकेट भिजले नाही.'

ही हकीगत आजवर पुष्कळांना सांगून झाली. ऐकणारी माणसं चांगली असतात, मंडळाला मनापासून हसतात, आणि मग आवाज खाली आणून विचारतात, की ते कापड नेमकं कसलं होतं आणि अजून कुठे मिळतं का. पाहुणा केवढा होता, कुठल्या रंगाचा होता, गात होता की नव्हता, हे अजून कुणी विचारलेलं नाही. आपणही इथवर आलात आणि आपल्यालाही ते विचारायचं सुचलं नाही.

असो. कापड सुती होतं, दाट विणीचं, मुळात काळं. हल्ली मिळत नाही.