बागवान सरांचा ओटीपी

शाळेत नवीन यंत्र आलं की बागवान सर आधी त्याला टिचकी मारून बघत. कलिंगड घेताना मारतात तशी. कान जवळ नेत, डोळे अर्धे मिटत आणि निकाल देत. "कच्चं आहे. दोन महिने त्रास देणार." किंवा, "बरं निघेल. राहू द्या." एकदा एका प्रोजेक्टरला टिचकी मारून ते म्हणाले, "आतून सडलाय." विकणारा माणूस समोरच उभा होता. त्याने हसून वॉरंटीचा कागद दाखवला. सर म्हणाले, "कागद चांगला आहे. प्रोजेक्टर सडलाय." तो प्रोजेक्टर दिवाळीपर्यंतसुद्धा टिकला नाही.

फळांचं हे ज्ञान घरचं होतं. बागवानांचा मार्केट यार्डात फळांचा गाळा. दोघे थोरले भाऊ तिथे बसायचे. सर तिसरे. ते शिकून-सवरून बिबवेवाडीतल्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा थोरले भाऊ म्हणाले होते म्हणे, "शिकव बाबा. पण त्यात पिकतं काय, ते आम्हाला कळव." हे सर स्वतःच सांगत आणि पुढे जोडत, "अजून कळवलेलं नाही."

मी त्याच शाळेत मराठी शिकवते. चोवीस वर्षं झाली. या काळात शिक्षणात क्रांती किती वेळा झाली, हे मोजायचं मी केव्हाच सोडलं. प्रत्येक क्रांतीचं प्रशिक्षण रविवारी असतं आणि त्यात जेवायला पुलाव असतो, एवढं खात्रीने सांगू शकते. पुलाव खाऊन आम्ही परत येतो, सोमवारी फळ्यावर तारीख घालतो आणि पुढच्या क्रांतीची वाट बघतो. बागवान सर मात्र पुलाव सोडून यंत्राजवळ जाऊन बसत.

आमच्याकडे पहिल्यांदा कॉम्प्युटर आले, ते चार. त्यांच्यासाठी खोली रंगवली, पडदे लावले. शिवणाच्या बाईंनी मुलींकडून गुलाबी झालरीची कव्हरं शिवून घेतली. मग खोलीला कुलूप लागलं. आठवड्यातून एकदा मुलं चपला बाहेर काढून, रांगेने आत जाऊन, कव्हरं बघून बाहेर येत. याला संगणकाचा तास म्हणत.

महिनाभर हे बघून सर मुख्याध्यापिका देशपांडे बाईंकडे गेले. मी तिथे रजेचा अर्ज घेऊन उभी होते.

"बाई, किल्ली हवी होती."

"अहो सर, मुलांनी काही बिघडवलं म्हणजे?"

"बिघडवलं तर दुरुस्ती शिकवता येईल. झालरीवरून काय शिकवू?"

किल्ली मिळाली. सरांनी पहिल्याच दिवशी आठवीच्या वर्गासमोर एक कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने उघडला. स्क्रू-स्क्रू वेगळा केला. आत धुळीचा हा थर. एका मुलीने विचारलं, "सर, इतकी धूळ कशी?" सर म्हणाले, "डोकं वापरलं नाही की असंच होतं." तो कॉम्प्युटर नंतर जोडला गेला, पण चालू काही झाला नाही. देशपांडे बाई वर्षभर सरांशी फक्त नोटिशीतून बोलल्या. पण उरलेल्या तिन्हींवर मुलांचे हात पडले. एकेका मुलाला दोन मिनिटं. सर घड्याळ हातात घेऊन उभे, आणि वेळ संपली की म्हणत, "उठा. पुढच्याला गाडी पकडायचीय."

मग स्मार्ट बोर्ड आला. फळ्याएवढा पडदा, त्यावर बोटाने लिहायचं. सरांनी टिचकी मारली आणि काहीच बोलले नाहीत. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कळलं, की बोट जिथे टेकवावं तिथे रेघ उमटतच नाही, चार बोटं डावीकडे उमटते. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "उद्या संध्याकाळी येतो." उद्घाटन उद्या सकाळी.

मुख्याध्यापक तोवर पाटील सर झाले होते. ते घामाघूम. बागवान सर म्हणाले, "पाहुणे आले की यंत्र लाजतं. आपण सांभाळून घ्यायचं." आणि त्या दुपारी दार लावून त्यांनी चार बोटं उजवीकडे लिहायचा सराव केला. दुसऱ्या दिवशी देणगीदारांसमोर त्यांनी हृदयाची अशी सुबक आकृती काढली की टाळ्या पडल्या. त्यांचं बोट एकीकडे आणि हृदय दुसरीकडे आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

कंपनीचा माणूस आला पाच महिन्यांनी. त्याने पाच मिनिटांत बोर्ड सरळ केला. त्यानंतर बरेच दिवस सरांची आकृती चार बोटं उजवीकडे, म्हणजे थेट भिंतीवर जात होती. "बाई," ते स्टाफरूममध्ये मला म्हणाले, "यंत्र सुधारलं. आता मला दुरुस्त करायला कोण येणार?"

पुढे यंत्रं कमी आणि पोर्टलं जास्त झाली. हजेरी ऑनलाइन, खिचडी ऑनलाइन, हात धुतल्याचे फोटो ऑनलाइन. सगळ्या स्टाफची माहिती सरच भरत, कारण आम्ही भरली की लाल अक्षरं येत. आर्या नावाची एक तरुण शिक्षिका नव्याने लागली होती. ती म्हणायची, "सर, सिंपल आहे, जस्ट रिफ्रेश करा ना." सर म्हणत, "तीस वर्षं झाली मॅडम, मलाच कुणी रिफ्रेश केलं नाही. हे कुठून होतंय?"

आणि मग टाळेबंदी आली. शाळा बंद, वर्ग मोबाइलवर. सातवी ब मध्ये त्रेचाळीस मुलं. सरांच्या पहिल्या ऑनलाइन तासाला आली अकरा. बाकी सगळ्यांच्या वर्गातही तेच होतं, पण आम्ही पोर्टलवर 'अध्यापन पूर्ण' असं टाकून मोकळे होत होतो. सरांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'अकरा आली. बत्तीस कुठे आहेत माहीत नाही.' रोज तेच. शेवटी पाटील सरांचा फोन आला, तो सरांनी मला जसाच्या तसा ऐकवला. "अहो बागवान, त्या रकान्यात माहिती भरायची असते, व्यथा नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मी म्हटलं, रकाना लहान आहे, म्हणून आटोपशीर लिहिलं."

त्या दिवसांत संध्याकाळी सरांना फोन लावला की तो कायम व्यस्त लागायचा. मला वाटलं, मुलीशी बोलत असतील. त्यांची मुलगी रेहाना विश्रांतवाडीला दिलेली. खरा प्रकार मला आमच्याकडे धुण्या-भांड्याला येणाऱ्या शांताबाईंकडून कळला. त्यांची स्वाती सरांच्याच वर्गात. घरात एकच फोन, तोही बटणांचा, आणि तो दिवसभर शांताबाईंच्या पिशवीत. "ते सर रोज सहाला फोन करत्यात," शांताबाई म्हणाल्या. "पोरीला म्हणत्यात, वाटीत पाणी घे, त्यात पेन्सिल उभी कर, आता काय दिसतं सांग. ती म्हणती, मोडल्यावानी दिसती. ते म्हणत्यात, मोडली नाही, बाहेर काढून बघ. रोज कायतरी असतंय. मी पण बघत बसती."

बत्तीसपैकी एकोणीस मुलं सरांना सापडली होती. प्रत्येकाला रोज सात-आठ मिनिटं. स्मार्ट बोर्ड, प्रोजेक्टर, सगळं कुलपात. आणि हा माणूस साध्या फोनवरून प्रकाशाचं वक्रीभवन शिकवत होता. मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "फोन हे जुनं यंत्र आहे बाई. मुरलेलं. त्याला रिफ्रेश लागत नाही."

त्याच टाळेबंदीच्या दुसऱ्या वर्षी भाभी गेल्या. सरांच्या पत्नी. कोरोनाने, आठवड्याभरातच. आम्हाला कुणाला जाताही आलं नाही. शाळा उघडल्यावर सर पहिल्या दिवशी आले, कॉम्प्युटरच्या खोलीचं दार उघडलं, आणि संध्याकाळपर्यंत एकेक यंत्र पुसत बसले. मी चहा घेऊन गेले. सर म्हणाले, "बंद ठेवलं की यंत्रं खराब होतात." मी कप ठेवून परत आले.

दोन वर्षांनी सर निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, पाटील सरांचं लांबलेलं भाषण. भाषणात 'तंत्रस्नेही' हा शब्द सात वेळा आला. माइक मध्येच बंद पडला, तेव्हा सत्कारमूर्ती खुर्चीवरून उठून वायर नीट करून परत येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता शाळेचं पोर्टल उघडायला मी बसले, कारण हे काम आता माझ्या गळ्यात पडलं होतं. पासवर्ड टाकला. पडद्यावर आलं, 'नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.' नोंदणीकृत मोबाइल अर्थातच बागवान सरांचा. मी फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला.

"बोला बाई."

"सर, ओटीपी आला असेल."

"आलाय. पण खाली लिहिलंय, हा क्रमांक कुणालाही सांगू नये. आपण कुणी आहात का?"

"नाही हो सर. चोवीस वर्षं झाली, अजून कुणी नाही."

"मग घ्या लिहून."

एकेक आकडा ते असा सांगत, जणू शुद्धलेखन घालताहेत. मध्येच विचारत, "सातवी ब मध्ये आज कोण गैरहजर? बोर्डचं कव्हर घातलंत का? आर्या मॅडम प्रयोगशाळेत पंखा चालू ठेवून बर्नर पेटवत नाहीत ना?" तोवर ओटीपीची मुदत संपे. मग दुसरा मागवायचा. रोजची पंधरा मिनिटं यात जात. पहिला तास माझा नववीवर. मुलं वाट बघत. मी वैतागून जायची. एकदा म्हटलं, "सर, तो नंबर आता बदलून घेऊ या का? तुम्हाला रोजचा त्रास."

ते म्हणाले, "बदलता येईल. पण प्रक्रिया मोठी आहे बाई. अर्ज, पडताळणी, मग वरून मंजुरी. बघतो मी."

सर म्हणतात म्हणजे असणार. यंत्राच्या बाबतीत आम्ही कुणीच त्यांच्यापुढे कधी गेलो नव्हतो. जून गेला, गणपती गेले, सहामाही परीक्षा आली. रोज दहा वाजता माझा फोन आणि त्यांचं "बोला बाई."

नोव्हेंबरात एकदा फोन रेहानाने उचलला. मी घाबरलेच. ती म्हणाली, "नाही, नाही, आता बरे आहेत अब्बा. चार दिवस ताप होता, म्हणून मी इकडे विश्रांतवाडीला घेऊन आले. फोन इथे चार्जिंगला लावून वर गच्चीवर खुर्ची मांडायला गेलेत."

"गच्चीवर? तापातून उठून?"

"रोज जातात, मॅडम. साडेनऊला अंघोळ, इस्त्रीचा शर्ट, पेन खिशात. मग गच्चीवर जाऊन बसायचं. म्हणतात, शाळेचा फोन यायचाय, खाली रेंज नाही." ती हसली, मग तिचा आवाज थोडा उतरला. "घरात रेंजच्या सगळ्या कांड्या असतात हो. मी कधीपासून म्हणतेय, इथेच राहा, तिकडे एकटे काय करता. तर म्हणतात, विश्रांतवाडीत रेंजचा प्रॉब्लेम आहे, शाळेचं काम अडेल. आले बघा. अब्बा, शाळेतून मॅडम आहेत!"

जिन्यावरून भरभर पावलं ऐकू आली. मग धाप लागलेल्या आवाजात, "बोला बाई."

मी ओटीपी लिहून घेतला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बोलले. पाचवीतल्या एका मुलाने स्मार्ट बोर्डावर खडूने लिहिलं होतं, ते सांगितलं. सर बराच वेळ हसले. म्हणाले, "त्याला ओरडू नका. उमटलं ना? मग त्याचं बरोबर आहे."

फोन ठेवला तर आर्या माझ्या मागे उभी. कधीपासून ऐकत होती कोण जाणे.

"मॅडम, तुम्ही रोज सरांना फोन का करता?"

"ओटीपी त्यांच्या नंबरवर येतो ना. बदलायचं चाललंय. प्रक्रिया मोठी आहे."

"कसली प्रक्रिया?" तिने माझ्या हातातून माउस घेतला. कोपऱ्यातल्या एका चिन्हावर टिचकवलं, मग आणखी एकावर. पडद्यावर एक रिकामी चौकट आली. 'नवीन मोबाइल क्रमांक.' "हे बघा. दोन मिनिटांचं काम आहे. तुमचा नंबर सांगा, टाकते."

मी त्या चौकटीकडे बघत राहिले. या पोर्टलची एकेक खिडकी सरांनी स्वतः उघडून आम्हाला दाखवली होती. ही त्यांना माहीत नव्हती, हे शक्यच नव्हतं.

"मॅडम? नंबर?"

"राहू दे," मी म्हटलं. "माझ्या फोनला रेंज नसते."

"अहो, इथे फुल रेंज आहे!"

"आर्या, नववीवर तास आहे माझा. बंद कर ते."

ती खांदे उडवून गेली. आमच्या पिढीचं काही होणार नाही, असं तिच्या पाठीवर स्पष्ट लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दहाला मी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. आकडे सांगायच्या आधी सर जरा घुटमळले. रेहानाने त्यांना काही सांगितलं असेल, किंवा त्यांचं त्यांनाच काही वाटलं असेल.

"बाई, त्या नंबर बदलण्याचं... काही हललं का तुमच्याकडून?"

"नाही हो सर," मी म्हटलं. "प्रक्रिया फार मोठी आहे."

पलीकडे गच्चीवर खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"हं," ते म्हणाले. "घ्या लिहून. चार... सात..."